ड्रॅगनचे डोळे

रोह्यात आमच्या आळीच्या मंडळाला त्या वर्षी देखाव्यात ड्रॅगन हवा होता, कारण आदल्या वर्षी शेजारच्या आळीने मान हलवणारी पूतना केली होती. नुसता ड्रॅगन उभा करून भागणार नाही, त्याला काही पूर्वपीठिका हवी, असं बैठकीत मीच म्हणालो. गप्प बसलो असतो तर गणपतीचे दिवस सुखात गेले असते.

कंपनीतली शिफ्ट संपवून यायचं आणि ड्रॅगनांचा इतिहास लिहायचा. सूर्याच्याही आधी, जळत्या डोंगराच्या पोटात पहिलं अंडं कसं उबलं, त्यातून निघालेल्या राजाने समुद्र पिऊन मीठ तेवढं कसं मागे ठेवलं, त्याच्या वंशजांनी धान्याची कोठारं कशी जाळली आणि शेवटच्या, सर्वांत क्रूर ड्रॅगनला गणपतीने कसं लोळवलं. सगळं माझ्याच आवाजात टेप केलं आणि विहिणीपासून फोरमनपर्यंत सर्वांना ऐकायला बोलावलं. ड्रॅगन बघून लोक टरकले पाहिजेत, एवढंच माझं मागणं होतं.

मूर्ती अर्थातच पेणला. तिथल्या कारखान्यात ड्रॅगनचा साचा कुठून असणार? शेषनागाचं अंग, देवीच्या सिंहाचे पंजे आणि गरुडाचे पंख जुळवून त्यांनी जनावर मात्र झकास उभं केलं. खवले किती, दात केवढे, सगळं मी लिहून दिलं होतं. डोळ्यांबद्दल एक अक्षर नाही.

अध्यक्ष आणि मी टेम्पो घेऊन पोचलो तेव्हा आखणी, म्हणजे डोळे रंगवायचं काम, होऊन गेलं होतं. ड्रॅगन माझ्याकडे बघत होता. लांबट, ओलसर, मायाळू डोळे. 'ये बाळा, जेवलास का?' असं विचारणारे.

"हे गणपतीचे डोळे आहेत," मी म्हणालो.

"मग?" आखणीवाल्या बाई ब्रश धूत होत्या. "एवढे दिवस हात तेच काढतोय. मधेच राक्षस कुठनं आणू?"

"खरवडून दुसरे काढा."

बाईंनी अध्यक्षांना विचारलं, "हे तुमच्यातलेच ना?"

अध्यक्षांनी मला बाजूला घेतलं. "लेखक, उघडलेले डोळे कोण खरवडतं का? तुमचा इतिहास खरवडा. तो कागदावर हाय."

परतताना वडखळच्या नाक्यावर टेम्पो अडकला, तिथेच मी सगळे क्रूर राजे मारले. जळता डोंगर गेला, खाडीचा चिखल आला. त्यातून जन्मलेला हा दयाळू ड्रॅगन युगानुयुगे भरतीला अडवून खाडीचे बांध राखत आला आहे, असं नव्याने टेप केलं. टरकण्याचा विषयच संपला. निदान हे तरी कुणी तपासणार नाही, असं वाटलं.

पहिल्याच संध्याकाळी खारपट्ट्यातल्या एका गावाहून आलेल्या म्हातारीने पूर्ण टेप ऐकली आणि यंत्राशी बसलेल्या मला गाठलं.

"बांध राखतो ना हा? आमचा बांध फुटला, भातात खारं पाणी शिरलं, तवा कुठं होता?"

"आजी, गोष्ट आहे ही."

"गोष्ट हाय म्हणून कायपन सांगशील?" ती सुनेकडे वळली. "गो, नारळ दे. या साली तरी जागा राहा म्हणावं याला."

दुसऱ्या दिवशी ड्रॅगनसमोर नारळांची रास. आणि प्रत्येकाचा तोच प्रश्न. नाइलाजाने मी टेपमध्ये घातलं की ड्रॅगन अधूनमधून झोपतो. त्यावर मिठागरातल्या एकाने विचारलं, मग तेव्हा राखणीची पाळी कोण करतो? म्हणून त्याला एक धाकटा भाऊ दिला. अध्यक्ष म्हणाले, "त्याचं लग्न लावू नका म्हणजे झालं."

विसर्जनानंतर ड्रॅगन मोडून त्याच्या आतले बांबू ठेवून द्यायचं ठरलं होतं. पण मोडायला कुणीच तयार होईना. शेवटी गणपतीमागोमाग त्यालाही कुंडलिका नदीवर नेलं. वाटेत लोक एकमेकांना त्याचा इतिहास सांगत होते. त्यात माझं एकही वाक्य नव्हतं. एका बाईने तर मला थांबवून, धाकटा भाऊ थोरल्यापेक्षा कसा चलाख, ते सविस्तर समजावलं.

पंख बुडाले, दात बुडाले. डोळे सर्वांत शेवटी. माझ्याकडेच बघत होते, तेच विचारत.

सकाळपासून मी जेवलो नव्हतो.