धुक्यावर डकवलेले नियम

गेल्या रविवारी सकाळी आमच्या वाचनालयाच्या बालविभागात एका चिनी चित्रकर्तीवर अन्याय झाला. या बाई कविताही करतात आणि मुलांसाठी पुस्तकं काढतात. मराठीत आलेल्या त्यांच्या एका पुस्तकात एक पान आहे. खाली इवलीशी होडी, कडेला कवितेची एकच ओळ: 'पलीकडे कुणी आहे का, हाक मारून बघ.' बाकी पान कोरं. ते कोरं म्हणजेच धुकं, रंग न लावता काढलेलं.

त्या धुक्यावर ग्रंथपालकाकांनी वाचनालयाचे नियम डकवले.

"काका, हे काय केलंत?"

"अगं, छपाई राहिलीय तिथे. अर्धं पान वायाच जात होतं!"

माझी सहा वर्षांची भाची आदल्या रविवारी याच पानाला तोंड लावून "ओ होडीवाले!" असं ओरडली होती. या वेळी तिनं नियम बघितले आणि मुकाट्यानं पान उलटलं.

मुलांपुढे जरा मोकळी जागा दिसली की आपले हात शिवशिवतात. सुट्टीत शिकवणी, कोऱ्या पानावर सूचना. तो कागद मी ओल्या फडक्यानं सोडवला, पण थोडं धुकंही फाटलंच.

तुमच्या मुलाची उद्याची दुपार कोरी असेल, तर तिला हात लावू नका.