कपाचं अकरावं घर

मी ज्या गावातल्या मुलींना बास्केटबॉल शिकवत होतो ते वसईच्या पश्चिमेला, आणि मी राहतो पूर्वेला, आचोळ्याला, चौथ्या मजल्यावर. मी मूळचा कोकणातला, आयुष्य विमा कचेरीत गेलं, आणि तरुणपणी कचेरीच्या संघातून खेळलो एवढंच माझं भांडवल. मला कुणी बोलावलं नव्हतं. निवृत्त झाल्यावर एकदा स्कूटर घेऊन त्या गावात वेलची केळी आणायला गेलो, तर चर्चमागच्या सिमेंटच्या मैदानावर मुली चेंडू आपटत होत्या. मी बघत उभा राहिलो आणि न राहवून एकीला म्हणालो की अगं, पाय बघ तुझे कुठे आहेत. दुसऱ्या दिवशी शिट्टी घेऊन गेलो.

बायको होती तोवर घरी आल्यावर ती विचारायची, आज किती जणी आल्या? खेळातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं, पण आकडा ऐकला की समाधान व्हायचं. ती गेली आणि विचारणारं कुणी उरलं नाही. जिना चढताना मी सवयीनं उत्तर तयार ठेवायचो, आणि कुलूप उघडताना ते लक्षात यायचं.

संघात दहा जणी होत्या. नऊ त्याच गावच्या, केळीबागा नि फुलांच्या वाड्या असलेल्या ख्रिस्ती घरांतल्या. दहावी किनाऱ्यावरच्या पाचूबंदरची, ख्रिस्तीच पण कोळ्यांची. तिची मावशी गावात दिलेली, म्हणून ती यायची. वडिलांच्या बोटीवरून धक्क्यावर दोर फेकायचं काम लहानपणापासून तिचं, आणि चेंडूही ती तसाच टाकायची, कमरेपासून, अंग एका बाजूला झुकवून. बघताना हसू यायचं आणि चेंडू रिंगमधून खाली पडायचा. मी दोन महिने तिचं कोपर आत घेण्यात घालवले. कोपर आत आलं आणि चेंडू बाहेर जायला लागला. शेवटी म्हटलं, बाई, टाक तुला हवा तसा. तिला मी जे काही शिकवलं त्यात एवढं एकच कामाचं होतं.

मैदानात एका वेळी पाच जणी उतरतात. तिच्याबरोबर उतरणाऱ्या बाकीच्या चौघींना मात्र मी घडवलं, अशी माझी समजूत होती. तिच्यासमोरच्या मुलीची वाट कशी अडवायची, चेंडू तिच्या हातात कधी द्यायचा, आपण स्वतः कधी टाकायचा नाही, हे त्या चौघींकडून मी तीन वर्षं घोटून घेतलं. त्यातली सगळ्यात धाकटी तेव्हा नववीत होती. ती घरी जेवताना भाकरीचे तुकडे मांडून मैदानातल्या जागा पाठ करते, असं तिच्या आईनं मला सांगितलं होतं.

नाताळानंतर आसपासच्या गावांची स्पर्धा असते. फिरता कप, वर्षभर जिंकणाऱ्या गावात राहतो. त्या वर्षी तो आम्ही जिंकला. बँड लागला, फटाके झाले, फादरांनी दोन शब्द बोलून माझंही कौतुक केलं. दुसऱ्या दिवशी मी पाववाल्याकडे उभा होतो, तर पुढचे दोघे तावातावानं बोलत होते. एकाचं म्हणणं, पोरगी तशी हाय म्हणून जिंकले, सर काय, शिट्टी मी पन वाजवीन. दुसरा म्हणत होता की पोरगी चार वर्षं हितंच होती, मग आधी का नाय जिंकले? मागे वळून मला पाहिल्यावर दोघेही पावांकडे बघू लागले. पाववाला चावट. त्यानं मलाच विचारलं. दोघांचंही श्रेय आहे, असं म्हणून मी सुटका करून घेतली. मनातून मी दुसऱ्या गृहस्थाच्या बाजूनं होतो, हे काय सांगायला हवं?

त्या गावाची एक रीत आहे. जिंकलेला कप खेळाडूंच्या घरी एकेक रात्र राहतो. संध्याकाळी मुली तो घेऊन जातात, बाहेरच्या खोलीत वेदीशेजारी ठेवतात, आळीतली माणसं जमतात, माळ जपत रोझरीची प्रार्थना म्हणतात, मग चहा, केक, गप्पा. दहा रात्रींत कप दहा घरी गेला, पाचूबंदरलासुद्धा. मी दोनतीन घरी जाऊन आलो. आता अकरावी रात्र आपली, हे मी कुणालाही न विचारता धरून चाललो. मला न विचारता कुणी गृहीत धरलं असतं तर मी मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावल्या असत्या.

खरं सांगायचं तर कप हे निमित्त होतं. घरात चार माणसं यावीत, खुर्च्या कमी पडाव्यात, असं मला फार वाटत होतं. बायकोच्या दिवसकार्यानंतर माझ्या घरात सहाव्या माणसाला कप लागला नव्हता, म्हणजे चहाचा. मी शोकेस पुसली, फरसाण आणलं, शिरा केला. तो खाली लागला, म्हणून पुन्हा केला. आणि मजल्यावरच्या चारही बिऱ्हाडांना नि खालच्या सेक्रेटरींना सांगून आलो की सात वाजता या, आमचा कप येतोय.

सगळे आले. शेजारच्या वहिनी चक्क ओवाळायचं ताट घेऊन आल्या. साडेसात झाले, आठ झाले. मी गॅलरीतून खाली बघून येत होतो. शेवटी मी सांगितलं की आत्ताच फोन आला, कप नाव कोरायला दिलाय. फोन माझ्या हातात नव्हता, चार्जिंगला लावलेला सगळ्यांना दिसत होता. शिऱ्याची स्तुती करून मंडळी गेली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. त्या दिवशी घर मला जेवढं मोठं वाटलं तेवढं बायको गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

कप चर्चच्या हॉलमधल्या कपाटात गेला होता. मी चकार शब्द काढला नाही. पण मनात एक गाठ बसली ती बसलीच. आपण बाहेरचे, हे यांनी दाखवून दिलं, असं मी वर्षभर घोकत राहिलो. आणि सगळ्यात जास्त राग आला पाचूबंदरच्या मुलीचा, जिनं माझं काही वाकडं केलं नव्हतं. तिच्यामुळे माझं काम झाकलं जातं, असं मला वाटायला लागलं.

पुढच्या वर्षी उपांत्य सामन्याला ती दहा मिनिटं उशिरा आली. बोटी लागल्या होत्या, मासळी उतरवून ती तशीच धावत आलेली. उशिरा येईल तो अर्धा सामना बाहेर बसेल, हा नियम मीच केलेला, आणि तोवर कुणालाही लावला नव्हता. तिला लावला. वरून शिस्त होती. आतून मला बघायचं होतं की तिच्याशिवाय माझा संघ काय करतो. चौघी आणि एक बदली मुलगी जिवाच्या आकांतानं खेळल्या. वाट अडवायच्या, पण कुणासाठी अडवायची ते त्यांना कळेना. चेंडू टाकायची वेळ आली की माझ्याकडे बघायच्या. टाकायला मी त्यांना शिकवलंच नव्हतं. उत्तरार्धात ती आली, तिनं बरंच अंतर भरून काढलं, तरी आम्ही तीन गुणांनी हरलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाराची बेल वाजली. बाहेर ती, एकटीच, कापडी पिशवीत कप घेऊन. उद्या अंतिम सामन्याला तो परत द्यायचा होता. तिनं तो टेबलावर ठेवला, सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाली, "आजची रात तुमच्याकडं ऱ्हाऊ दे, सर."

मी बोलून गेलो की आता कशाला, गेल्या वर्षी आणायचा होता. मग सगळंच सांगितलं, शिरा, शेजारी, ओवाळणीचं ताट. ती म्हणाली की सगळ्या मुलींनी यायचं ठरवलं होतं, पण तिच्या मावशीनं अडवलं. सरांकडे वेदी नाही, देव्हारा आहे, आपल्या म्हाताऱ्या जाऊन तिथे रोझरी म्हणणार, बिल्डिंगमधली माणसं सरांना काय म्हणतील? माणूस भिडस्त, नको म्हणणार नाही, त्याला कशाला अडचणीत टाकायचं? मला आधी विचारावं, हे त्यांना सुचलं नाही. आणि मी विचारावं, हे मला सुचलं नाही.

एवढ्यासाठी मी वर्षभर कुढलो होतो. मला तिच्या तोंडाकडे बघवेना. मी म्हटलं, "काल तुला बसवलं ते उशिरासाठी नाही."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. "माजं सोडा. त्या चौघींना वाटतं त्यांच्यामुळं हरलो. तेवडं त्यांना सांगा."

पाणीही न घेता ती गेली. मी शेजारी कुणाला बोलावलं नाही. कप टेबलावर होता आणि मी समोर बसून होतो. जिंकलो ते कुणामुळे, याचा हिशोब मी वर्षभर लावला होता. हरलो ते कुणामुळे, हे त्या मुलींनी परस्पर स्वतःकडे घेतलं होतं, आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

सकाळी कप घेऊन मैदानावर गेलो. अंतिम सामन्याला अवकाश होता. चौघींना भिंतीच्या सावलीत बोलावलं आणि सांगितलं, तिच्याशिवाय काय होतं ते मला बघायचं होतं म्हणून मी तिला बसवलं, सामना मी घालवला. दोघींनी मान खाली घातली. एक सरळ उठून नळाकडे गेली. धाकटी, आता दहावीतली, बुटाची नाडी बोटाभोवती गुंडाळत बसून होती.

"म्हणजे सर, आम्ही वाईट नाही खेळलो?"

वाईट नाही खेळलात, मी म्हणालो. तिनं नाडी सोडली, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि तेच पुन्हा एकदा विचारलं.