रेंज नसलेल्या घरातून आलेल्या तीन रिंगा

आधीच सांगते, या सदरातले अतर्क्य अनुभव वाचून फिदीफिदी हसणाऱ्यांतली मी. खाली खोचक प्रतिक्रियाही लिहिल्यात, जुन्या वाचकांना आठवत असतील. शिक्षणाने मी टेलिकॉम इंजिनीअर. लग्नाआधी तीन वर्षं पुण्यात मोबाइल टॉवरच्या टेस्टिंगचं काम केलं. सिग्नल कुठून येतो, कुठे अडतो, कशाने मरतो, हे मला कळतं. म्हणून तर हे लिहायला इतकी वर्षं लागली.

जपानमध्ये आपल्याकडच्या आयटीवाल्यांची रीघ लागली होती, तेव्हाची गोष्ट. घडी घालायचे फोन होते सगळ्यांकडे. माझा नवरा मंदार जावा प्रोग्रामिंगचं काम करायचा आणि मी डिपेंडंट व्हिसावर घरी. आम्ही टोकियोत हिगाशी-कसाईला राहायचो. तिथे खाली उतरलं की कुणीतरी "काय गं, कोथिंबीर मिळाली का?" म्हणून विचारणारं भेटायचंच. मग मंदारला एका कारखान्याचं काम मिळालं, उत्तरेला सेंदाई शहराच्याही पलीकडे, डोंगरात. कंपनीने घर दिलं ते एका दरीतल्या वस्तीवर. दोन मजली, लाकडी, नीट राखलेलं घर. मालकीण चियो-सान नावाच्या आजी, वर्षभरापूर्वी वारल्या होत्या. मुलगा टोकियोत. त्याने सामान तसंच ठेवलं होतं. दारातून आत आलं की बूट काढायच्या जागेशी छोट्या टेबलावर काळा, डायलचा फोन होता. त्यावर क्रोशाचा रुमाल आणि बुडाला चिकटवलेल्या चिठ्ठीवर हाताने लिहिलेला नंबर. लाइन अर्थात कापलेली.

तेव्हा मला सहावा संपून सातवा लागला होता. आदल्या वर्षी तिसऱ्या महिन्यात आमचं एक बाळ गेलं होतं. त्यामुळे या खेपेला मी शिंकले तरी मंदार दचकायचा आणि मी त्याच्यावर खेकसायचे. पण खरं सांगते, भीती मलाच जास्त होती.

आमची मिस्ड कॉलची एक भाषा होती. तुमचीही असेलच! एक रिंग म्हणजे पोचलो. दोन म्हणजे उशीर होतोय, जेवून घे. आणि एकेक रिंग देऊन कट, असं लागोपाठ तीनदा आलं, की हातातलं असेल ते टाकून धावत ये. मंदारच्या ऑफिसात एकदा मी एक रिंग दिली, तर शेजारचे जपानी साहेब घाबरले. तिकडे अशी एक रिंग देऊन फसवणारे लोक असतात म्हणे. "नाही नाही, बायको आहे," असं मंदारला सगळ्यांना सांगत फिरावं लागलं.

नव्या घरातली पहिलीच सोमवारची सकाळ. मंदार दारात बसून बूट घालत होता आणि मी त्या काळ्या फोनच्या टेबलाला टेकून उभी.

"म्हण बघू," मी म्हटलं.

"अगं, पाठ आहे मला."

"तरी म्हण."

"एक म्हणजे पोचलो. दोन म्हणजे उशीर. तीन म्हणजे हातातलं टाकून धावत ये. झालं समाधान? जाऊ?"

तो गेला. अर्ध्या तासाने फोन उघडून बघते तर पडद्यावर दोन चिन्हं... केनगाई. म्हणजे रेंजच्या बाहेर. वरच्या मजल्यावर, न्हाणीघरात, अंगणात, सगळीकडे केनगाई. रस्त्याच्या वळणापर्यंत बर्फातून दहा मिनिटं चालत गेले तेव्हा कुठे एक काडी दिसली. लँडलाइनचा अर्ज केला, तर खांबापासून घरापर्यंतची तार तुटलेली, ती बर्फ वितळल्यावर ओढू म्हणाले.

मग मी कागद-पेन घेऊन बसले. बूस्टर हवा, म्हणजे बाहेरचा अशक्त सिग्नल पकडून घरात वाढवून देणारं यंत्र. दोन रस्ते होते. एक, मोबाइल कंपनीचा. फॉर्म, शिक्का, मग माणूस येऊन मोजमाप करणार, मग बसवणार. तीन-चार आठवडे. दुसरा, अकिहाबाराच्या, म्हणजे टोकियोतल्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराच्या, एका गल्लीत मिळणारा परदेशी बूस्टर. आमचा हिगाशी-कसाईचा मित्र घेऊन कुरिअरने पाठवणार. दोन दिवस. मंदार म्हणाला, "कंपनीचाच घेऊ, उगाच भानगड नको." मी उसळलेच. "रोज दहा तास मी असते इथे एकटी. तू नाही. आणि यातलं कुणाला कळतं, तुला की मला?"

त्यातही दोन मॉडेल होती. मी जास्त ताकदीचं मागवलं. भीती वाटत असली की माणूस मोठं तेच उचलतो. बाहेरचा अँटेना वरच्या मजल्यावर कपडे वाळत घालायच्या दांडीला बांधला, आतला जिन्यापाशी, आणि पहिल्यांदाच फोनवर दोन काड्या आल्या. मी आईला पुण्याला फोन लावून रडले. किती दिवसांनी मंदार सोडून दुसरं कुणीतरी मराठीत "जेवलीस का?" विचारत होतं.

चारच दिवस. पाचव्या दिवशी मोबाइल कंपनीचे हेल्मेट घातलेले दोघे जण हातात छोटा अँटेना घेऊन दारात. कमरेत वाकून वाकून नमस्कार. म्हणाले, ओकुसान — म्हणजे वहिनी म्हणा — असा बूस्टर इथे कायद्याने चालत नाही. आणि तुमच्या यंत्रामुळे अख्ख्या दरीतले मोबाइल बंद पडलेत.

माझ्या लक्षात आलं आणि कान लाल झाले. बूस्टरचे दोन अँटेना एकमेकांना ऐकू यायला नकोत, नाहीतर माइक स्पीकरजवळ नेल्यावर शिट्टी वाजते तसं होतं आणि त्या गोंगाटात आसपासचे मोबाइल बुडतात. पुण्यात मध्ये काँक्रीटचा स्लॅब असतो, विचारच करावा लागत नाही. इथे मध्ये काय, तर पातळ फळ्या आणि कागदाची दारं! मी पुण्याचा हिशोब घेऊन जपानी घरात यंत्र लावलं होतं. तीन वर्षं हेच काम केलेली मी! त्यांनी माझ्यासमोर वायर काढायला लावली आणि मान्य बूस्टर बसवायला पुढच्या गुरुवारची वेळ दिली.

संध्याकाळी खालच्या शेतापलीकडच्या कान्नो-सान आल्या. सत्तरी ओलांडलेल्या, पाठीत किंचित वाकलेल्या, पण चाल तुरुतुरु. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार, त्यांच्या मोबाइलवर रोज येणारा मुलीचा मेसेज चार दिवस आला नव्हता. त्यांनी घरचं मुळ्याचं लोणचं पुढे केलं. मी मोडक्या जपानीत माफी मागितली. त्या दाराशीच बसल्या आणि काळ्या फोनवरच्या रुमालावरून हात फिरवत म्हणाल्या, "चियो-सान एकटी होती ना. रोज सकाळी सातला मला एक रिंग द्यायची. मी उचलायची नाही. एक रिंग म्हणजे उठले, बरी आहे."

मिस्ड कॉल म्हणजे आपला शोध असं मी समजत होते!

"एका सकाळी रिंग आली नाही," त्या म्हणाल्या. "मी किल्ली घेऊन आले. झोपेतच गेली होती. किल्ली अजून माझ्याकडेच आहे. तुमची लाइन आली की तुम्हीही मला एक रिंग देत जा."

मंगळवार उजाडला. गुरुवारी ती माणसं पुन्हा येणार आणि दांडीवर माझा अँटेनाचा पराक्रम अजून लटकलेला. मंदार जाताना बजावून गेला होता, "मी आल्यावर काढतो. तू चढायचं नाहीस. ऐकतेयस ना?" मी हो म्हटलं. अकराच्या सुमाराला चढले. न्हाणीघरातलं बुटकं स्टूल, वीतभर उंचीचं, त्याने काय होणार... गॅलरीत ओला बर्फ होता. स्टूल सरकलं आणि मी कुशीवर पडले.

सरपटत आतल्या खोलीत आले. उठता येईना. मग कळ आली आणि पाठोपाठ खाली ओलं, गरम लागलं. ते काय होतं ते मला मागच्या वेळेपासून माहीत होतं.

फोन खिशातच होता. केनगाई. तरी मंदारचा नंबर लावला. जातच नव्हता. पुन्हा लावला. पुन्हा. बूस्टर खाली जिन्याखालच्या खोक्यात, वायर गुंडाळून ठेवलेला. लावला असता हो, कायदा गेला खड्ड्यात, पण तिथवर जाणार कशी? मी कान्नो-सानना हाका मारल्या. मध्ये दीडशे पावलांचं शेत आणि सगळीकडे बर्फ, आवाज कुठे पोचणार? पोटावर हात ठेवून मी बाळाला सांगत होते, थांब हं, थांब राणी, बाबा येतोय. खोटंच सांगत होते.

तेवढ्यात खालून आवाज आला. टिंग.

जुन्या फोनचा रिसीव्हर जागेवर ठेवताना घंटी किंचित वाजते, तसा. थोड्या वेळाने पुन्हा, टिंग. आणि मग तिसऱ्यांदा. छपरावरून बर्फ घसरला असेल, पन्हाळ वाजलं असेल... नंतर मी स्वतःला हे शंभरदा सांगितलंय. त्या क्षणी मात्र मला भीतीसुद्धा वाटली नाही. वाटलं, खाली कुणीतरी आहे.

किती वेळ गेला माहीत नाही. दारात किल्ली फिरली आणि कान्नो-सानचा आवाज आला, "ओकुसान! ओकुसान!" त्या वर आल्या, मला बघितलं, स्वतःचा कोट माझ्यावर टाकला आणि घरून अँब्युलन्सला फोन करायला तशाच बर्फातून परत पळाल्या. त्या वयात!

सेंदाईच्या हॉस्पिटलात त्याच दुपारी मुलगी झाली. दीड किलोची, काचेच्या पेटीत. डॉक्टर मंदारला म्हणाले, अजून अर्धा तास उशीर झाला असता तर दोघींपैकी कुणीच हाती लागलं नसतं. मंदार मला एका शब्दानेही रागावला नाही. त्याचंच मला जास्त रडू आलं.

चौथ्या दिवशी कान्नो-सान भेटायला आल्या. मी विचारलं, "तुम्ही त्या वेळी आमच्याकडे कशा काय आलात?"

त्या गोंधळल्या. "म्हणजे? तुम्हीच ना फोन केलात? मी म्हटलं, लाइन जोडून दिली वाटतं, जुनाच नंबर ठेवला."

त्यांच्या घरच्या लँडलाइनच्या छोट्या पडद्यावर नंबर दिसायचा. त्यावर चियो-सानचा नंबर आला होता. एक रिंग, आणि बंद. त्यांना वाटलं, यंत्र बिघडलं. पुन्हा एक रिंग, बंद. पुन्हा एक. तिसऱ्या वेळी त्यांनी बूट चढवले आणि किल्ली घेतली.

मंदार त्याच संध्याकाळी घरी जाऊन आला. काळा फोन होता तिथेच, वर रुमाल. मागची वायर भिंतीतून बाहेर जाते, ती बाहेर दोन हात लोंबत होती, टोक गंजलेलं, बर्फात. तो कान्नो-सानकडेही गेला. त्यांच्या फोनच्या मेमरीत त्या मंगळवारच्या तारखेने, अकरा वाजून गेल्यानंतरच्या तीन नोंदी होत्या, मिनिटा-मिनिटाच्या अंतराने, तिन्ही त्याच नंबरच्या. त्याने तिथूनच तो नंबर फिरवला. रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज आला, हा नंबर सध्या वापरात नाही. टेलिफोन ऑफिसात विचारलं. नंबर कुणालाही दिलेला नाही, त्यावरून कॉल गेल्याची नोंद नाही, पडद्याची काहीतरी चूक असावी, असं उत्तर मिळालं. माफीही मागितली त्यांनी, कशाबद्दल ते त्यांनाही माहीत नसेल.

गुरुवारचा बूस्टर मंदारने बसवून घेतला. चांगला चालला, अगदी शेवटपर्यंत. बर्फ गेल्यावर लाइनही आली, नव्या नंबरची. ते घर सोडेपर्यंत मी रोज सकाळी सातला कान्नो-सानना एक रिंग देत होते. आता आम्ही पुन्हा टोकियोत, कोतोला राहतो. लेक मराठीत विचारलेल्या प्रश्नांना जपानीत उत्तरं देते आणि फोन एका रिंगमध्ये कधीच उचलत नाही. काळा फोन कान्नो-साननी त्यांच्याकडे नेऊन ठेवलाय.

प्रतिक्रियांत तुम्ही जे जे लिहाल ते सगळं मी आधीच करून बघितलंय. जुनी नोंद, क्रॉस कनेक्शन, कान्नो-सानचा भास, माझा भास. इंजिनीअर आहे मी, एकेक शक्यता खोडत गेले आणि शेवटी हातात काहीच उरलं नाही. पण ती तार, तो नंबर, हे सगळं एक वेळ बाजूला ठेवा. मला अजून छळतं ते वेगळंच.

त्या दिवशी हॉस्पिटलातून परत निघताना कान्नो-सान खोलीच्या दाराशी थांबल्या होत्या. म्हणाल्या, "एवढंच कळत नाही... चियो-सानने इतक्या वर्षांत कधी एकीपेक्षा जास्त रिंग दिली नाही. मग तीन का?"

मंदारने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्याकडे. तीनचा अर्थ जगात फक्त आम्हा दोघांना माहीत होता. त्या घरात तो आम्ही एकदाच मोठ्याने बोललो होतो, पहिल्या सोमवारी, त्या काळ्या फोनपाशी उभं राहून.

आणि तेही मराठीत.