उलटं बसवलेलं कडं

एकोणीसशे साठच्या सुमारास आमच्या होडीचं इंजिन सुरू होईना. त्याच्या जड चाकावरच्या लोखंडी कड्याचे दात झिजले होते, त्यामुळे स्टार्टर त्यात अडकून चाक फिरवेना. बाकीच्या होड्या मासळी आणत होत्या, आमची वाळूत पडून. आचऱ्याहून एक मिस्त्री आला. दात अंगठ्याने चाचपून हसला. झिजली होती एकच बाजू. त्याने कडं ठोकून काढलं, माझ्या करवंट्यांच्या आगीत तापवलं आणि उलटं बसवलं. नवरा लगेच कळशी घेऊन धावला.

"पाणी ओतू नको रे, तडकतलां! घाई तुका आसा, लोखंडाक नाय," मिस्त्री ओरडला.

मग तो शेजारी विडी ओढत बसून राहिला. मला तो आळशी वाटला. कडं आपसूक निवून चाकाला घट्ट आवळल्यावर इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. नुसतं बसणं हेही काम असतं, हे आमच्या घरात कोणाला ठाऊक नव्हतं.