मागितल्याशिवाय दोर नाही

हाशमचा फोन आला तेव्हा मी राजारामपुरीतल्या माझ्या क्लासमध्ये अकरावीच्या पोरांना घर्षण शिकवत होतो. "सदा, मल्लू गेला," एवढंच तो म्हणाला. फळ्यावर उतारावरचा ठोकळा काढलेला होता, बाण दाखवायचे राहिले होते. मी फोन ठेवला, बाण दाखवले आणि तास पुरा केला. मित्र गेल्याचं कळल्यावर पायाखालची जमीन सरकते म्हणतात. माझी काही सरकली नाही. मला पहिल्यांदा वाटलं ते... खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटलं. हे आधी लिहून टाकतो आणि मगच पुढं जातो, कारण गेलेल्या माणसाबद्दल गोडगोड लिहिलेलं मल्लूला खपत नसे. पेपरातल्या श्रद्धांजल्या वाचून तो म्हणायचा, "जित्तेपणी ह्याला कोण कपभर च्या पाजत नव्हतं, आणि आता बघा." त्याला जाऊन आता दीड महिना होईल.

मल्लू म्हणजे मल्लिकार्जुन, माझा शाळेपासूनचा मित्र. मूळचा शिरोळकडचा, आईला अव्वा म्हणणारा, निम्मं कन्नड निम्मं मराठी बोलणाऱ्या घरातला. कोल्हापुरात त्याचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. तोंड असलं फाटकं की चुकीचा भाग मागणाऱ्या गिऱ्हाइकाला तो चार माणसांसमोर सोलून काढायचा, आणि तरी गिऱ्हाईक तुटायचं नाही, कारण बरोबर भाग त्याच्याकडंच मिळायचा. नव्वदीच्या सुरुवातीला त्यानं लिलावातली एक जुनी मिलिटरीची जीप घेतली. त्याचं बघून गॅरेजवाल्या हाशमनं घेतली, दाताचा डॉक्टर असलेल्या दिलीपनं घेतली, आणि क्लास बरा चालायला लागल्यावर मीही घेतली. महिन्यातला एक रविवार आम्ही मलकापूरच्या पुढं जायचो. तिथं डांबरी सोडायची, फोर-व्हीलचा दांडा ओढायचा आणि जिथं बैलगाडीसुद्धा जात नाही तिथं दिवसभर ओढ्यातून, चिखलातून, दगडांवरून जीपा घालायच्या. संध्याकाळी अंगाखांद्यावर चिखल घेऊन घरी. सुखाचा जीव दुःखात घालायचा म्हणतात तो हा उद्योग, पण चाळिशीतल्या चार माणसांना त्यानं पोरासारखं ठेवलं.

आमच्यात एकच नियम होता, आणि तो मल्लूचा. जीप अडकली की दुसऱ्या कुणी जागेवरून हलायचं नाही. ज्याची अडकली त्यानं आधी स्वतः झटायचं, चाकाखाली दगड घालायचे, चिखल उपसायचा. नाहीच निघाली तर मोठ्यानं ओरडायचं, "पावणं, दोर द्या!" सदा नाही, हाशम नाही... रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला हाक मारतात तसं पावणं म्हणायचं. तेव्हाच दोर मिळायचा. आणि अडकलेल्यानं तो दोर घरी नेऊन धुवायचा, पुढच्या खेपेला आपल्या जीपमध्ये घालून आणायचा. ह्या नियमाला कारण होतं. शिरोळला उसाच्या फडात ट्रॉली रुतली होती, न बोलावता दहाजण मदतीला धावले, ज्यानं त्यानं आपापल्या बाजूला ओढलं, आणि मल्लूच्या थोरल्या भावाचा पाय चाकाखाली गेला. "न मागता मदत करणारा माणूस लई वंगाळ," मल्लू सांगायचा, "त्याला पुण्य मिळतंय, पाय दुसऱ्याचा जातो." सांगताना त्याचा आवाज खाली यायचा. पुढं पुढं ते कारण मागं पडलं आणि माणसाला ओरडायला लावण्याची मजा तेवढी राहिली. त्याचीही आणि आमचीही.

एकदा मी माझ्या मुलीला बरोबर नेलं. दहा वर्षांची होती, आठवडाभर मैत्रिणींना सांगत होती. ओढ्याच्या मधोमध माझी जीप बसली, पाणी तिच्या पायाशी आलं. मी अर्धा तास झटलो, मग ओरडलो. काठावर दोराची गुंडाळी घेऊन बसलेला मल्लू कानाला हात लावून म्हणाला, "ऐकू न्हाई आलं!" मी पुन्हा ओरडलो. "अजून जरा मोठ्यानं की मास्तर, वर्गात वरडतोस तसं!" मुलगी रडायला लागली. तर हा तिला म्हणतो, "रडू नगं ग बाळ, बापाला सांग नीट तोंड उघडायला." तिसऱ्यांदा ओरडल्यावर दोर आला. दिलीप हसून हसून लोळत होता. मुलगी पुन्हा कधी बरोबर आली नाही. त्या दिवसापासून माझ्याकडं बघण्याची तिची नजर बदलली, असं मला वाटत राहिलं. बदलली नसेलही. मी तीन दिवस गच्चीवर तो दोर धुतला, आणि धुताना मल्लूला मनातल्या मनात काय काय शिव्या घातल्या ते इथं लिहिता येणार नाही.

पुढच्याच महिन्यात मल्लूची जीप बसली. कधी नव्हे ते. पाऊस नुकताच सरला होता, वरून हिरवंगार दिसणाऱ्या रानात खाली नुसता राडा होता आणि जीप चाकांच्या आसापर्यंत आत गेली. माझं काळीज सुपाएवढं झालं. दोर माझ्याकडं होता! मी तो उचलून चढावरच्या एका दगडावर ठेवला आणि त्याच्यावरच बसलो. सुमित्रावहिनींनी, म्हणजे मल्लूच्या बायकोनं, चौघांचा डबा बांधून दिला होता. आम्ही तो सोडला... भाकरी, झुणका, खर्डा, दही. खाली मल्लू फावड्यानं चिखल उपसत होता आणि वर आम्ही तिघं त्याच्याच घरची भाकरी खात शेरे मारत होतो. "काय मल्लूशेठ, विहीर काढालास काय?" तो वर बघत नव्हता. मागणार नाही हे मला माहीत होतं, आणि मागावं हेच मला हवं होतं. तीनदा. मी आकडा ठरवून ठेवला होता.

माझी दुसरी भाकरी निम्मी झाली असेल तेव्हा त्याच्या हातातलं फावडं पडलं. तो गुडघ्यावर बसला, आम्हाला वाटलं आस बघतोय. मग त्यानं डावा हात वर केला. नुसता वर केला आणि हलवला. तोंड उघडलेलं दिसत होतं, आवाज नव्हता. मी कानाला हात लावला आणि ओरडलो, "ऐकू न्हाई आलं!" दिलीप हसला. हाशम मात्र उठला. "सदा, काय तरी बिघडलंय त्याचं." मी हाशमच्या सदऱ्याला धरून त्याला खाली बसवलं. "बस की. मागू दे आधी." हे मी म्हणालो, दुसऱ्या कुणी नाही. आणि मल्लू तिथून आमच्याकडं बघत होता. मी उरलेली भाकरी खाल्ली. दही वाटून घेतलं. त्यानं आणखी दोनदा हात वर केला, माझी मोजणी बरोबर आहे, आणि मग तो चाकावर डोकं टेकून कलंडला. आम्ही खाली पळालो तेव्हा त्याचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं आणि उजवा हात चिखलात मेल्यासारखा पडला होता. अर्धांगाचा झटका. पावणं म्हणायला त्याच्याकडं जीभच उरली नव्हती, आणि आम्ही त्या एका शब्दाची वाट बघत जेवत होतो.

कोल्हापूरला आणेपर्यंत आणखी दीड तास गेला. किती वेळ झाला, असं दवाखान्यात विचारलं तेव्हा दिलीप म्हणाला, "झालं की लगेच निघालो." डॉक्टर माणूस, त्याला कळत होतं तो काय बोलतोय. मी बाजूलाच उभा होतो आणि मी ते खोडलं नाही. लवकर आणला असता तर किती फरक पडला असता, हे मी नंतर कुणाला विचारलं नाही. आमच्या सहली बंद झाल्या. हाशमनं मल्लूची जीप काढून आणली, धुऊन दिली, आणि दोरही त्यानंच धुऊन मल्लूच्या पडवीत खुंटीला टांगला. धुवायची पाळी माझी आहे का मल्लूची, हे नियमावरून ठरत नव्हतं.

चार वर्षं मल्लू त्या पडवीत खाटेवर होता, समोर खुंटी आणि खुंटीवर दोर. वर्षभरानं त्याला थोडं बोलता यायला लागलं. हाशमला हाशम म्हणायचा, दिलीपला दिप्या. मी त्यानंतरच पहिल्यांदा भेटायला गेलो, तेव्हा वहिनी कौतुकानं म्हणाल्या, "कोण आलंय ओळखा बघू." त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. वाकड्या तोंडानं, एकेक अक्षर लावून, पण स्वच्छ म्हणाला, "पावणं." वहिनी हसल्या. "आजारानं इसरालेत हो, मनाला लावून घेऊ नका." मी मान हलवली. पुढची तीन वर्षं मी दर रविवारी गेलो आणि दर रविवारी मी पावणं होतो. शाळेपासूनचा सदा त्यानं एकदाही तोंडातून काढला नाही. माफी मागायला मी कितीदा तोंड उघडलं असेल. तो डावा हात उचलून कानाला लावायचा, आणि माझा आवाज बसायचा.

दिवसकार्य झाल्यावर मी पुन्हा गेलो. पडवीतली खाट काढली होती, दोर जागेवर होता. वहिनींनी चहा ठेवला आणि समोर बसल्या. "भावजी, त्यांनी दोर तुमच्यासाठी ठिवलाय," म्हणाल्या. "शेवटाला शेवटाला रोज सांगत होते, सदाला द्या म्हणून." सदाला. मी एकदम त्यांच्याकडं बघितलं. "पण असंबी म्हणाले, मागितल्याबिगर देऊ नका. कसा मागायचा त्याला ठावं हाय, आणि तुलाबी ठावं हाय, असं मला म्हणाले." तेव्हा मला कळलं की त्या दिवसाचं सगळं त्यांना माहीत आहे, तो बोलायला लागल्यापासून माहीत आहे, आणि तरी तीन वर्षं त्या मला चहा देत आल्या.

त्यानंतर मी पाच रविवार गेलो. तोंडात शब्द येतो आणि तिथंच रुततो. वर्गात पन्नास पोरांपुढं चालणारा माझा आवाज त्या पडवीत निघत नाही. ओरडलो तर त्या उठून दोर काढून देतील, आणि मग त्या घरात यायला मला काही कारण उरणार नाही, हेही आहे. दोरावर आता धूळ बसली आहे. परवाच्या रविवारी चहा संपवून मी उठलो, चप्पल घातली आणि नेहमीसारखं म्हणालो, "येतो वहिनी." त्या कपबशी उचलत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "या, पावणं."