विरोध एक

सर सभेला येताना घरून स्टूल आणायचे. घडीचं, निळ्या कॅनव्हासचं. चर्चच्या हॉलमध्ये भाऊंनी दिलेल्या गुबगुबीत खुर्च्या मांडलेल्या असत आणि सर भिंतीजवळ आपलं स्टूल उघडत.

"सर, भाऊंची खुर्ची टोचते काय?" कोणीतरी हसून विचारी.

"टोचत न्हाय रे," सर गावच्या बोलीत म्हणत. "मऊ हाय, म्हणून भीती वाटते."

भाऊ म्हणजे भाईंदर पश्चिमेला आमच्या गावाभोवती टॉवर उभे करणारे बिल्डर. सरांनी मला शाळेत इतिहास शिकवला होता. निवृत्तीनंतर ते दर रविवारी चर्चमधली मिस्सा, म्हणजे उपासना, संपली की मोठ्या माणसांना चर्चचा इतिहास सांगत, आणि त्यांची गाडी हटकून चौथ्या शतकातल्या निकेयाच्या धर्मपरिषदेवर येऊन थांबे. "तिथे काय ठरलं ते नंतर. आधी सांगा, बिशपांना बोलावलं कोणी? राजवाडा कोणाचा?" उत्तर एकच, रोमच्या सम्राटाचा. आधीच्या सम्राटांच्या छळात डोळे गमावलेले बिशप त्याच्या पंगतीला बसले, हे सांगताना सरांचा आवाज उतरे. "मार सोसला त्यांनी. जेवणाचं आमंत्रण नाकारणं जड गेलं."

"सम्राट आत आला, तरी बिशपांनी खूण करेपर्यंत बसला नाही," असंही ते सांगत. "इतक्या नम्र माणसाला नाही कसं म्हणायचं?" शेवटी परिषदेच्या ठरावावर दोनच बिशपांनी सही नाकारली. त्या दोघांचं मत चुकीचं होतं, याबद्दल सरांना शंका नव्हती. "पण त्यांची नावं राहिली. कोणीतरी लिहून ठेवली."

चार वर्षांपूर्वी तो ठराव आला. चर्चमागची विहीर बुजवायची, जुना क्रूस हलवायचा, भाऊंच्या टॉवरला रस्ता द्यायचा. बदल्यात भाऊ नवं सभागृह बांधणार. मी चर्चच्या कमिटीचा सेक्रेटरी. भाऊ आले आणि हात जोडून दारातच उभे राहिले. "फादर, बसू का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी इतिवृत्ताची वही उघडली.

ठरावाच्या बाजूने हात वर झाले. सर स्टुलावरून उठले. "माझा विरोध आहे. लिहून घे."

सभा संपल्यावर भाऊ माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, सर्वानुमते लिहिलंत तर गावाची शोभा राहील. बघा, तुम्हाला पटलं तर." त्यांनी दम दिला असता, तर मी कदाचित अडलो असतो. मला लालूच नव्हती, धमकी नव्हती. मी 'सर्वानुमते' लिहिलं.

महिन्याभराने सर हरकत नोंदवायला सरकारी कचेरीत गेले. तिथे आमचंच इतिवृत्त त्यांच्यापुढे ठेवण्यात आलं. हजर असलेल्यांत त्यांचं नाव होतं आणि खाली माझ्या अक्षरात तो शब्द. हरकत तिथेच संपली. परतताना ते माझ्या दारात थांबले, आत आले नाहीत.

"अरे, सम्राटाने त्या दोघांना हद्दपार केलं. पण नावं न्हाय पुसली."

त्यानंतर रविवारचा वर्ग बंद झाला. विहीर बुजली. यंदा सर गेले. मी शवपेटीला खांदा दिला, पण त्यांच्या मुलीकडे मला बघवलं नाही.

परवा नव्या सभागृहात त्यांची शोकसभा झाली. भाऊ गहिवरून म्हणाले, "या वास्तूला सरांचं नाव देऊ या." टाळ्या झाल्या. भाऊ खरोखर गहिवरले होते, आणि तेच कठीण होतं. "सर्वानुमते ना, सेक्रेटरीसाहेब?"

मी उभा राहिलो. "नाही. सरांचा या सभागृहालाच विरोध होता. त्यांनी तो लिहायला सांगितला होता. मी लिहिला नाही."

फादरांनी मान खाली घातली. भाऊ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता ते कशाला? लोक रडतायत. बसा तुम्ही."

तरी मी बसलो नाही. वही भिंतीला टेकवून उभ्यानेच लिहिलं: विरोध एक. पुढे माझं नाव. सरांच्या नावाची जागा चार वर्षांपूर्वीच्या पानावर होती. तिथे आता लिहिता येत नव्हतं.