मजुरीत दिलेली लाखोळी

लग्न होऊन मी नागभीडच्या पलीकडच्या त्या गावात आले तेव्हा गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. घरात सासूबाई, नवरा आणि मी. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. शेती थोडकी, सगळी धानाची. धान कापायच्या आधी, बांधीत म्हणजे धानाच्या खाचरात ओल असतानाच, आत्या लाखोळीचं, लाखेच्या डाळीचं, बी फेकायच्या. ना नांगरणी, ना पाणी, ना खत. धान घरी आलं की मागे तीच जमीन निळ्या फुलांनी भरून जायची. कोवळ्या पाल्याची भाजी व्हायची, डाळीचं वरण, वडे. आणि उरलेली लाखोळी बाजारात जायची. घरातलं मीठ, तेल, लुगडी तिच्यावरच यायची.

एका वर्षी पाऊस मधेच निघून गेला. धान निम्मंही झालं नाही. लाखोळी मात्र भेगाळलेल्या बांध्यांतही तरारून आली. ती उपटायला धानोऱ्याकडच्या जंगलातल्या गावातून एक जोडपं आमच्याकडे आलं. त्यांच्या घरी खायला काही उरलं नव्हतं, म्हणून उपटणी झाल्यावरही ते राहिले. गोठ्याशेजारी त्यांनी झोपडी घातली. तो उंच, सडपातळ. डोक्यावर भारा घेऊन दोन बांध्यांमधल्या अरुंद धुऱ्यावरून असा चालायचा की खाली बघायचाही नाही. त्याची बायको माझ्याच वयाची. आम्ही दोघी बोडीवर, गावच्या लहान तळ्यावर, एकत्र धुणं धुवायचो.

लाखोळी विकायला सरकारची बंदी आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण बाजारात ती सगळेच विकत होते. त्या वर्षी आत्या आणि मी टोपल्या घेऊन आठवडी बाजारात बसलो होतो आणि समोर जीप येऊन थांबली. भेसळ पकडणारे साहेब. व्यापाऱ्यांना आधीच कुणकुण लागली असावी, त्यांची पोती दिसेनाशी झाली होती. उघड्यावर सापडलो आम्ही टोपलीवाल्या बाया.

साहेब माणूस वाईट नव्हता. आत्यांसमोर उकिडवा बसून म्हणाला, "माय, ही विकता येत नाही. ही खाऊन माणसाचे पाय जातात."

"आमी तं रोजच खातो, साहेब. वीख आहे तं पेरू काऊन देता?"

"पेरायला मनाई नाही. घरी खायलाही नाही. फक्त विकायला आहे."

हे बोलताना तोही जरा अडखळला. मग आमच्या टोपल्या त्याच्या शिपायानं पोत्यात रिकाम्या केल्या. पुन्हा दिसलात तर कोर्टात उभं राहावं लागेल, असं सांगून ते पुढच्या बाईकडे वळले.

रिकाम्या टोपल्या घेऊन आम्ही घरी आलो. घरात लाखोळीनं भरलेली बांबूची ढोली उभी होती. दारावर येऊन माल नेणारा व्यापारीही त्यानंतर फिरकला नाही. आत्या दोन दिवस त्या ढोलीकडे बघत होत्या. मग एका सकाळी मला म्हणाल्या, "झोपडीतल्यायची मजुरी आता लाखोळीतच दे. धान आपल्याले ठेव."

"आत्या, साहेब तं मनत होते..."

"विकून नाई राह्यलो ना आपून? देऊन राह्यलो."

मला ते पटलं. खरं सांगायचं तर बरंच वाटलं. पायलीनं लाखोळी मोजून द्यायचं काम माझं होतं. झोपडीतला तो गडी ओंजळ पुढे करायचा नाही, धोतराचा सोगा पसरायचा, आणि माप जरा चढतं दिलं की हसायचा. आम्हीही लाखोळी खात होतो. पण आमच्या ताटात भात होता. त्यांच्याकडे भाकर लाखोळीची, वरणही लाखोळीचं, आणि उन्हाळाभर तेच. हे मी रोज बघत होते. बोडीवर त्याची बायको मला सांगायचीही, "बाई, भाताचा वासबी विसरली मी." मी हसण्यावारी न्यायचे.

पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत, तो चिखलात पडू लागला. पोटऱ्यांत गोळे येतात म्हणायचा. आत्यांनी करंजीचं तेल चोळायला दिलं. मग एके दिवशी बांधीत बसलेला तो उठलाच नाही. दोघांनी धरून उभा केला तर गुडघे वाकलेले, टाचा जमिनीला लागेनात.

मी आणि त्याची बायको त्याला एसटीनं गडचिरोलीच्या दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरांनी त्याला व्हरांड्यात चालायला लावलं. तो बोटांवर चालत होता आणि एक पाय दुसऱ्याला कातरीसारखा अडत होता.

"रोज काय खाता?" डॉक्टरांनी विचारलं.

"लाखोळी," त्याची बायको म्हणाली.

"भात?"

"नाई."

"एवढी लाखोळी आणता कुठून?"

"मजुरीत भेटते," ती म्हणाली आणि खाली बघू लागली. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

"आमीच देतो," मी म्हणाले.

डॉक्टर रागावले नाहीत. आम्ही घरी काय खातो ते विचारलं. मी सांगितलं, भातासोबत, कधी तुरीत मिसळून. "म्हणून तुम्हाला काही झालं नाही," ते म्हणाले. "महिनोन्महिने नुसती तीच पोटात गेली की असं होतं."

"पण बरा होईन ना तो?"

"लाखोळी बंद करा, आहे तिथं थांबेल. गेलेलं परत येणार नाही."

परतीच्या बसमध्ये तो खिडकीशी बसला होता. रोवणी उरकली का, एवढंच त्यानं मला विचारलं.

घरी आत्यांना सगळं सांगितलं. त्या चुलीसमोर होत्या. त्यांनी चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "माह्या बापाचे पाय असेच होते."

मला आधी कळलंच नाही. त्या बोलत राहिल्या. त्यांचे आईवडील मालगुजाराकडे राबायचे. मालगुजार धान आपल्या कोठीत भरायचा आणि गड्यांना लाखोळी द्यायचा. काठी टेकत चालणारे चार-पाच गडी तरी त्यांच्या लहानपणी गावात होते. लोक म्हणायचे, अंगावरून वारं गेलं. "पण माही माय मनत होती, हे लाखोळीनं होते. मले मालूम नव्हतं असं मी कसं मनू? साहेब बाजारात बोलला तवाच मले बाप आठवला होता. मंगबी मी तुह्या हातानं मोजून देवू लागली."

त्या रात्री आत्या जेवल्या नाहीत. सकाळी घरचं धान काढून त्यांनी झोपडीत नेऊन ठेवलं. ढोलीतली उरलेली लाखोळी बांधीत नेऊन चिखलात तुडवली. पुढच्या हिवाळ्यात बी फेकलं नाही. आजूबाजूच्या बांध्या निळ्या झाल्या, आमच्या तशाच पडून राहिल्या. नवरा कुरकुरला, "सरकारनं पेरायले तं मनाई नाई केली." आत्या बधल्या नाहीत. मग तो रोजगार हमीच्या रस्त्यावर खडी फोडायला जाऊ लागला, मीही गेले.

ते जोडपं आपल्या गावी परत गेलं. तो बसून बांबूच्या टोपल्या विणायचा, ती मजुरीला जायची. दर वर्षी धान निघालं की आत्या आणि मी तांदूळ घेऊन त्यांच्याकडे जायचो. थोडं एसटीनं, मग पायी. पहिल्या खेपेला तो काठी टेकत अंगणात आला. "आत्या, येवढ्या दूर कायले येता?" त्यानं विचारलं. आत्यांनी तांदळाचं पोतं त्याच्यासमोर उतरवून ठेवलं.

दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला त्याच्या बायकोनं मला सरळच विचारलं, "बाई, तुमाले मालूम होतं का?"

"साहेब बोलला ते मी ऐकलं होतं," मी म्हणाले. "खरं नाई वाटलं."

आत्यांना तिनं विचारलंच नव्हतं. त्या शेजारी पोत्याला टेकून बसल्या होत्या. "मले मालूम होतं," त्या म्हणाल्या.

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो टोपली विणत होता, त्याचे हात थांबले आणि पुन्हा चालू झाले. ती उठली, तांदूळ आत ओतून रिकामं पोतं घडी करून आणून दिलं. आधी प्रत्येक खेपेला ती जेवून जा म्हणायची. त्या दिवशी म्हणाली नाही. पुढेही कधी म्हणाली नाही. आत्या मात्र चालता येत होतं तोवर जात राहिल्या, आणि त्या वारल्यापासून तांदूळ घेऊन मी एकटी जाते.